वाचकांचे प्रश्न : अठरा ते पंचवीस

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. बारावीनंतर त्याला पुण्यात अभियांत्रिकीला घातले, पण पहिले वर्ष संपताच तो घरी परतला आणि आता पुन्हा जाणार नाही म्हणतो. कधी आंब्याचा व्यवसाय करण्याच्या गोष्टी करतो, कधी मर्चंट नेव्हीच्या जाहिराती दाखवतो. सकाळी दहापर्यंत झोपतो आणि रात्री मित्रांबरोबर मोटारसायकलवर भटकतो. त्याचे आजोबा या वयात मुंबईला गिरणीत लागले होते. मुलगा वाया गेला, असे समजायचे का?
— एक आई, देवगड तालुका

उत्तर : आजोबांपासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या घरातली तुलना तिथूनच होते आहे. त्यांच्या काळी कोकणातला मुलगा मुंबईला उतरला की गावकऱ्यांच्या खोलीत त्याची पथारी ठरलेली असे, ओळखीचा कोणीतरी त्याला बदली कामगार म्हणून चिकटवत असे आणि थोड्याच वर्षांत गावी लग्न होऊन तो कर्ता पुरुष म्हणून मोजला जाई. काय व्हायचे आहे, असे त्याला कोणी विचारले नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची ती वाट बुजत गेली. आजोबांच्या बाबतीत जी निवड परिस्थितीने केली, ती आता नातवाला स्वतः करावी लागते आहे, आणि हे काम दाराबाहेरून पाहणाऱ्याला पुष्कळदा आळसासारखे दिसते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली अठरा ते पंचवीस या वर्षांना ‘उदयोन्मुख प्रौढावस्था’ असे वेगळे नाव दिले. स्वतःचा शोध, अस्थिरता, स्वतःवर केंद्रित लक्ष, धड ना मूल धड ना मोठा अशी भावना आणि अजून पुष्कळ काही घडू शकते हा विश्वास, ही त्यांनी सांगितलेली लक्षणे तुमच्या पत्रात जवळजवळ सगळी सापडतात. मात्र हा विचार अमेरिकेतील तरुणांवरून मांडला गेला आहे, आणि ज्याच्या पाठीशी दोन वेळचे जेवण देणारे घर आहे त्यालाच तो अधिक लागू पडतो, हे विसरू नये. पावसाळी बंदी उठताच खलाशी म्हणून ट्रॉलरवर चढणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला अशी सवड कोणी देत नाही. तुमच्या मुलाला ती मिळते आहे, याची जाणीव त्यालाही असावी.

या सवडीचा उपयोग होतो आहे की नाही, हे ओळखायला मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये केलेली मांडणी मला अधिक कामाची वाटते. त्यांनी दोनच गोष्टी पाहिल्या : तरुणाने पर्याय धुंडाळले का, आणि कशाला तरी त्याने स्वतःला बांधून घेतले का. धुंडाळून बांधून घेणारा स्थिरावलेला असतो. न धुंडाळता वडिलांची होडी हीच आपली होडी मानणाराही बाहेरून तितकाच स्थिर दिसतो, आणि त्यात दरवेळी वाईट काही नसते. तिसरा धुंडाळतो आहे, पण ठरवलेले नाही. चौथा मात्र धुंडाळतही नाही आणि ठरवतही नाही. तुमचा मुलगा आज तिसऱ्या अवस्थेत आहे. पण महिनोन् महिने नुसत्या जाहिराती पाहण्यात गेले, तर तो चौथ्या अवस्थेकडे सरकेल.

म्हणून त्याला उपदेश नको, काम द्या. येत्या हंगामात बागेतील काही कलमे पूर्णपणे त्याच्याकडे सोपवा : मोहोरावरील फवारणी, राखण, काढणी, पेट्या भरून वाशीला पाठवणे आणि शेवटचा हिशेब, सगळे त्याचे. तोटा आला तर तोही त्याचाच. तिथे वडिलांनी मध्ये पडू नये. स्वतःची बाग नसेल तर ओळखीच्या बागायतदाराकडे हंगामभर मजुरीवर जाऊ द्या. मर्चंट नेव्हीबद्दलची चौकशीही त्यानेच करावी, आणि संस्थेला नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी तपासावे. जहाजावर नोकरी देतो म्हणून पैसे उकळणारे दलाल किनाऱ्यावरच्या गावांत नवीन नाहीत.

उशिरा उठण्याबद्दल फार वाद घालू नका. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळ पुढे सरकते आणि साधारण विशीच्या सुमारास ते मागे येऊ लागते. रात्रीच्या मोटारसायकलीबद्दल मात्र बोलायलाच हवे. शांतपणे विचार करून योग्य-अयोग्य ठरवण्याची क्षमता सोळा-सतराव्या वर्षी मोठ्यांच्या जवळपास पोहोचलेली असते. पण आवेगाला लगाम घालणारा कपाळामागचा मेंदूचा भाग विशीतही पक्व होत असतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकावरील गाडी चालवण्याच्या खेळात मित्र शेजारी असताना धोका पत्करण्याचे प्रमाण वाढले, आणि ही वाढ चोविशीपुढील व्यक्तींपेक्षा किशोरवयीन मुलांत आणि अठरा ते बावीस वयाच्या तरुणांत अधिक दिसली. म्हणजे एकटा असताना घाटात जपून गाडी चालवणारा मुलगा मागे मित्र बसला की तसाच वागेल, असे धरून चालता येत नाही. हेल्मेट आणि परतण्याची वेळ या दोन बाबतींत घरचा नियम ठाम ठेवावा. बाकीच्या नियमांतले बरेचसे आता सोडून देता येतील.

प्रश्न : मी वीस वर्षांची आहे. रत्नागिरीत शिकते आणि संध्याकाळी एका दुकानात हिशेबाचे काम करते. धाकट्या भावाची फी मी भरते, पण मैत्रिणींबरोबर गणपतीपुळ्याला जायचे म्हटले की आई-बाबा म्हणतात, तू अजून लहान आहेस. मी नक्की कोण?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : कायद्याने तुम्ही अठराव्या वर्षीच सज्ञान झालात. मताचा अधिकार पूर्वी एकविसाव्या वर्षी मिळत असे, तो एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने अठरावर आला. घर मात्र कायद्याच्या तारखेने चालत नाही. मोठे होणे म्हणजे काय, असे आर्नेट यांनी तरुणांना विचारले, तेव्हा स्वतःची जबाबदारी घेणे, स्वतःचे निर्णय घेणे आणि पैशाने स्वावलंबी होणे ही उत्तरे लग्न किंवा पदवी यांच्या पुढे होती. पहिली आणि तिसरी गोष्ट तुम्ही बऱ्याच अंशी करत आहात. दुसरी अडवली जाते आहे, आणि भावाची फी भरणाऱ्या मुलाला घरात हेच उत्तर मिळाले असते का, हा प्रश्न तुम्ही आई-बाबांना शांतपणे विचारावा. सहलीची परवानगी मागण्याऐवजी कोण बरोबर आहे, कोणती गाडी, किती वाजता परत, हे आधी ठरवून त्यांना कळवा. पहिल्यांदा कुरबुर होईल.

प्रश्न : बारावीच्या वर्गांना शिकवतो. मुलांचे गप्प राहणे हे वयाचे की आजाराचे, हे कसे ओळखावे?
— एक शिक्षक, वेंगुर्ले

उत्तर : वयाचे गप्प राहणे बहुधा मोठ्यांपुरते असते, मित्रांत तो मुलगा बोलतो, खेळतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, आवडीच्या गोष्टी सुटल्या, झोप आणि भूक बिघडली, मित्रही तुटू लागले, तर पालकांशी बोलून तज्ज्ञांकडे पाठवावे. अनेक मानसिक आजारांची सुरुवात याच वयात होते, त्यामुळे परीक्षा संपेपर्यंत थांबू नये. जगण्यात अर्थ नाही अशा आशयाचे बोलणे ऐकू आले, तर त्याच दिवशी हालचाल करावी आणि मुलाला एकटे सोडू नये. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.