अमोनिया शून्य, तरी मासे खाईनात

प्रश्न : बंदिस्त टाक्यांमध्ये तेच पाणी गाळून पुन्हा वापरण्याच्या पद्धतीने मी ट्राउट वाढवतो. अमोनिया आणि नायट्राइट जवळपास शून्य आहेत. नायट्रेट मात्र लिटरमागे ४०० मिलिग्रॅमवर गेले आहे. मासे मरत नाहीत, पण खाद्य उरते आणि वाढ मंदावली आहे. नायट्रेट निरुपद्रवी असते, हे खरे का?

उत्तर : अर्धेच खरे. माशांनी उत्सर्जित केलेल्या अमोनियाचे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइट कल्ल्यांतून क्लोराइडच्या वाटेने सहज रक्तात शिरते. नायट्रेटला तो मार्ग फारसा खुला नसल्याने ते तुलनेने सौम्य ठरते. म्हणूनच जैवगाळणी (जिवाणूंकरवी होणारी ही पाण्याची शुद्धी) उत्तम चालली की आपण निश्चिंत होतो आणि नायट्रेट मात्र साचत राहते.

आधी तुमच्या आकड्याचे एकक तपासा. चाचणीसंच कधी संपूर्ण नायट्रेट मोजतात, तर कधी त्यातला केवळ नायट्रोजन, आणि या दोन आकड्यांत ४.४३ पटींचा फरक असतो. तुमचे ४०० संपूर्ण नायट्रेटचे असतील, तर नायट्रोजनच्या हिशेबाने ते सुमारे ९० भरतात. ते नायट्रोजनचेच असतील, तर प्रश्न कितीतरी गंभीर आहे. इंद्रधनुषी ट्राउटमध्ये ८० ते १०० मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनच्या पातळीला मासे कुशीवर पोहताना आणि नेहमीपेक्षा वेगाने फिरताना आढळले आहेत. आफ्रिकन मागूर मात्र याहून बरेच अधिक सोसतो, त्यामुळे दुसऱ्या जातीसाठी सांगितलेली मर्यादा तुमच्या माशांना लावू नये.

शरीरात शिरलेल्या नायट्रेटचा काही भाग नायट्राइटमध्ये बदलू शकतो आणि त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते; शिवाय थायरॉइडला लागणारे आयोडीन शोषले जाण्यातही नायट्रेट अडथळा आणते. भूक मंदावणे आणि वाढ खुंटणे ही दीर्घकाळ साचलेल्या नायट्रेटची ओळखीची लक्षणे आहेत. तरीही सारा दोष त्याच्याच माथी मारण्याची घाई मी करणार नाही, कारण नायट्रेट वाढलेले पाणी म्हणजे बहुधा जुने पाणी, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड व बारीक घनकणही वाढलेले असू शकतात. तेही मोजून घ्या.

एकाच वेळी अर्धे पाणी बदलल्याने आकडा तात्पुरता उतरेल, पण खाद्य तेवढेच राहिले तर तो पुन्हा चढेल. नायट्रेट कायमचे निम्म्यावर आणायचे असेल, तर रोज बदलल्या जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण साधारण दुप्पट करावे लागते. मात्र तत्पूर्वी नव्या पाण्यातले नायट्रेट तपासून घ्या आणि तापमान व सामू एकदम बदलणार नाहीत इतक्या सावकाश ते सोडा. पाणी मुबलक नसेल, तर प्राणवायूविरहित कक्षात नायट्रेटचे वायुरूप नायट्रोजनमध्ये रूपांतर करणारी व्यवस्था उपयोगी पडते. त्या कक्षातले नायट्रेट पूर्ण संपू देऊ नका, नाहीतर तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो आणि तो माशांना फार थोड्या प्रमाणातही मारक असतो.