आजी पदर शोधत होत्या

ताई, तुम्ही विचारलंय की वृद्धाश्रमाच्या फाइलीत ‘व्यक्तिकेंद्रित सेवा’, म्हणजे प्रत्येकाच्या सवयी-आवडी बघून केलेली सेवा, लिहिलेलं असतं, पण एका पाळीत दोन मावश्या आणि चौदा आजी-आजोबा असताना ती करायची कशी? आणि डिमेंशियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) ज्या आजी आंघोळीला रोज हात उगारतात, त्यांचं काय?

मी नागपुरात एकोणीस वर्षं हेच काम करतेय. आंघोळीचंच आधी सांगते.

आमच्याकडे नागपुरातल्याच महाल भागातल्या जुन्या वाड्यातून एक आजी आल्या होत्या. जन्मभर नऊवारी नेसलेल्या. आम्ही आमच्या सोयीसाठी त्यांना गाऊन घातला. त्या दिवसभर पलंगावरची चादर ओढून डोक्यावर घ्यायच्या. रिपोर्टात आम्ही ‘अस्वस्थ’ लिहीत राहिलो, खाली सही माझी. तीन आठवड्यांनी सून भेटायला आली. बघता क्षणी म्हणाली, “अहो, पदर शोधून राहिल्या त्या!” जुन्या सुती साडीचा तुकडा खांद्यावर दिला आणि चादरीची ओढाताण थांबली. आंघोळीलाही तोच अंगावर ठेवून पाणी घालू लागलो. भांडण पाण्याशी नव्हतंच, उघडं होण्याशी होतं. आजही ती सही आठवली की मला वाईट वाटतं.

तुमच्या आजींना शॉवरखाली नेऊ नका, वरून अचानक पाणी पडलं की त्या दचकतात. बादली घ्या, तांब्या त्यांच्याच हातात द्या, पहिलं पाणी पायावर. “आंघोळ करता का?” म्हटलं की नाहीच म्हणतील. दोन लुगडी पुढे धरा, “आज कोणतं नेसता?” विचारा. मात्र वागणं एक-दोन दिवसांत एकदम बिघडलं असेल तर आधी डॉक्टर. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, न सांगता येणारं दुखणं, अनेकदा यातलंच काही निघतं.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९० च्या दशकात हेच मांडलं: आजाराइतकीच भोवतालच्यांची वागणूकही डिमेंशियाच्या माणसाला खचवते.

आता चौदा जणांचं म्हणाल, तर चौघांपासून सुरुवात करा. प्रत्येकाच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद: झोपायची वेळ, चहा आधी की पूजा, काय आवडीनं पितात. उन्हाळ्यात पारा ४५ वर गेला की हा कागद फार कामी येतो. म्हातारपणी तहान नीट कळत नाही, पाण्याचा ग्लास तसाच राहतो, पण मठ्ठा संपतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि आजींचा लेक भेटायला आला की पहिल्यांदा हे विचारा: घरी त्यांना काय म्हणून हाक मारायचे?