वाचकांचे प्रश्न : कॅम्पर गावातच घ्यावी की स्वस्तात लांबून आणावी?

प्रश्न : मी आणि माझी पत्नी दोघेही नुकतेच शिक्षकी पेशातून निवृत्त झालो असून जुळे सोलापुरात राहतो. फिरण्याची आवड दोघांनाही आहे, परंतु पत्नीला पाठीचा त्रास असल्यामुळे दर मुक्कामी नवे अंथरूण आणि परके स्वच्छतागृह तिला सोसवत नाही. म्हणून झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली जुनी कॅम्पर घ्यावी, असे आम्ही ठरवले आहे. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या तीन गाड्या समोर आहेत आणि तिन्ही २०१९ च्या आहेत. सोलापुरातील मालक ११ लाख ५० हजार मागतो, पुण्याची गाडी १० लाख ७५ हजारांना, तर हैदराबादची ९ लाख २५ हजारांना मिळते. हैदराबादची गाडी तेथे राहणाऱ्या आमच्या जावयांनी पाहिली असून त्यांना ती पसंत आहे. सव्वादोन लाखांच्या फरकासाठी तिकडे जावे की नाही?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सोलापूरहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर आणि हैदराबाद सुमारे तीनशे. एकाच महामार्गाची ही दोन टोके असून नकाशावर त्यांच्यात फारसा फरक नाही. गाडीच्या व्यवहारात मात्र अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. पुणे आपल्या राज्यात आहे, म्हणून ते जवळ आहे. हैदराबाद राज्याच्या सीमेपलीकडे आहे, म्हणून ते लांब आहे. आणि याच हिशेबाने शंभर किलोमीटरवरचे विजापूरही लांबच धरावे लागते. सीमेवरच्या आपल्या जिल्ह्यातील माणसाची इथेच गफलत होते, कारण लग्नकार्य आणि बाजारहाट यांसाठी आपण ही सीमा रोज विनासायास ओलांडत असतो.

प्रथम वरखर्च काढू. हैदराबादला किमान दोन फेऱ्या होतील, एक मिस्त्रीला घेऊन पाहण्यासाठी आणि दुसरी कागद तयार झाल्यावर गाडी आणण्यासाठी. अशी गाडी लिटरला ९ किलोमीटर चालली तर परतीच्या वाटेवर ३३ ते ३४ लिटर डिझेल लागेल. ९० रुपयांच्या आसपास दर धरला तर ते तीन हजार रुपये झाले. रेल्वेची तिकिटे, टोल, मिस्त्रीची दोन दिवसांची मजुरी, जेवणखाण हे सारे सढळ हाताने धरले तरी पंचवीस हजारांच्या आत बसते. म्हणजे दोन लाख शिल्लक दिसतात. लोक इथपर्यंतच हिशेब करतात आणि बयाणा देऊन मोकळे होतात.

यापुढचा खर्च कर आणि कागद यांचा आहे. पुण्याची गाडी आपल्या नावावर करताना तिचा क्रमांक बदलत नाही आणि एकरकमी कर पुन्हा भरावा लागत नाही. तेलंगणाची गाडी कायमची सोलापुरात ठेवायची असेल, तर तेथील परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला घेऊन महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करावी लागते आणि गाडीचा प्रकार, किंमत व वय पाहून इथला एकरकमी कर भरावा लागतो. तिकडे आधी भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, परंतु ती मागणी त्याच राज्यात करावी लागते, त्यासाठी हेलपाटे घालावे लागतात आणि तो पैसा मूळ मालकाचा की आपला, यावरून नंतर वाद होतात. म्हणून भाव ठरवण्यापूर्वीच त्या गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घेऊन सोलापूरच्या परिवहन कार्यालयात जावे, कराचा नेमका आकडा काढून घ्यावा आणि तो ९ लाख २५ हजारांत मिळवूनच पुण्याच्या भावाशी तुलना करावी. दोन लाख सगळेच्या सगळे जिरून जातील असे मी म्हणत नाही. परंतु हा आकडा हाती येईपर्यंत सव्वादोन लाखांचा फरक कागदावरचाच आहे.

पैशांहूनही मला जास्त काळजी वाटते ती प्रमाणपत्रावरील ‘बॉडी टाइप’च्या रकान्याची. बाजारात कॅम्पर म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्या कागदोपत्री अजून प्रवासी बस, रुग्णवाहिका किंवा मालवाहू व्हॅन असतात. आसने काढून आत पलंग आणि ओटा बसवला, तरी नोंदणी जुनीच राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावलेला आहे. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे, तेव्हा रीतसर बांधलेली गाडी ओळखणे अवघड नाही. तिच्या प्रमाणपत्रावर कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅरॅव्हॅन असेच लिहिलेले असते. तसे नसेल तर उद्या अपघात झाल्यावर विमा कंपनी याच रकान्यावर बोट ठेवील. पिवळी पाटी असलेली गाडी स्वस्त दिसली, तर ती अजून व्यावसायिक नोंदणीवर आहे, हेही ध्यानात घ्यावे. तिचा परवाना रद्द करून खासगी नोंदणी करण्याचे काम वेगळेच आहे आणि ते विकणाऱ्याने स्वतः पूर्ण केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

माझ्यावर आलेला एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मी शेजारच्या राज्यातून एक व्हॅन घेतली. मालकाने बँकेचे कर्ज फेडल्याचे पत्र दाखवले आणि मी निश्चिंत झालो. कर्ज फिटले होते, परंतु प्रमाणपत्रावरील बोजा उतरवलेला नव्हता; त्यासाठी लागणारा ३५ क्रमांकाचा नमुना बँकेकडून घेतलेलाच नव्हता. बोजा उतरेपर्यंत ना हरकत दाखला मिळेना, मालक फोन उचलेना, आणि गाडी माझ्या दारात असूनही तिच्यावर माझा कागदोपत्री काडीचाही हक्क नव्हता. तीन फेऱ्या आणि अडीच महिने त्यात गेले. तेव्हापासून मी एमपरिवहन ॲपवर क्रमांक टाकून बोजा, विमा, मालकांची संख्या आणि थकलेले चलन पाहिल्याखेरीज गाडी बघायलाही जात नाही. हे काम घरबसल्या दोन मिनिटांत होते.

आता गाडीकडे वळू. कॅम्पर घेताना आपण दोन वस्तू घेत असतो, खाली गाडी आणि वर घर. गाडीची मला चिंता वाटत नाही. अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूरच्या भाविकांना नेणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलर आपल्याकडे इतक्या आहेत की त्यांचे इंजिन उघडणारा मिस्त्री कुठेही मिळेल. घराचे मात्र तसे नाही. पाण्याचा पंप, इन्व्हर्टर, छतावरची झडप, शौचालयाची टाकी या गोष्टी ज्याने बसवल्या त्यालाच त्या नीट कळतात. म्हणून ती बांधणी कोणी केली आणि तो कारागीर आज कुठे आहे, हे तिन्ही मालकांना विचारावे. पुण्याची गाडी पुण्यातच बांधलेली असेल, तर हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून त्या कारागिराला भेटता येईल, हा तिचा मोठा गुण आहे.

पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवावे की गाडी घरच्या विजेला जोडू नका. मग आतली बॅटरी खरोखर किती दम धरते ते कळते. पाण्याची टाकी भरून घ्यावी, पंप चालू ठेवून सारे नळ बंद करावेत आणि दहा मिनिटे गप्प बसून ऐकावे. नळ बंद असताना पंप मधूनच घरघरला, तर पाणी कुठेतरी मुरते आहे. नंतर गादी उचलून खिडकीखालच्या प्लायवूडवर अंगठा दाबावा. सुकी प्लाय टणक लागते, भिजलेली आत दबते आणि तिला कुबट वास येतो. सोलापूर काय आणि हैदराबाद काय, दोन्हीकडचा उन्हाळा छतावरच्या सीलंटला तडे पाडतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात ते उघडे पडतात. म्हणून वॉशिंग सेंटरवर नेऊन छतावर पंधरा मिनिटे पाणी मारायला सांगावे आणि आपण आत बसावे. टायरच्या कडेवरील लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असे असेल, तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला, म्हणजे गाडीबरोबर आलेला टायर आहे. नक्षी कितीही खोल दिसली तरी तो बदलण्याचा खर्च भावातून वजा करावा. टाक्या भरून वजनकाट्यावरही न्यावी, कारण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि एकूण भार प्रमाणपत्रावरील मर्यादेपलीकडे गेलेला चालत नाही. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात वजनकाटा शोधत फिरावे लागत नाही.

ही सारी तपासणी सोलापूरच्या गाडीवर तीन वेळा, तीन वेगवेगळ्या दिवशी करता येते. परगावी एकदाच होते, आणि तीही परतीच्या गाडीकडे डोळे लावून. शिवाय गावातला विकणारा उद्या मंडईत भेटणार असतो, त्यामुळे तो शब्द जपून देतो. या सोयीची किंमत मी माझ्यापुरती पन्नास ते साठ हजार धरतो, त्याहून अधिक नाही. म्हणून माझे मत असे की, प्रथम पुण्याची गाडी पाहून यावी आणि तिचा भाव सांगून सोलापूरच्या मालकाला ११ लाखांच्या आसपास आणण्याचा प्रयत्न करावा. तो तेवढ्यावर आला आणि प्रमाणपत्र व छत दोन्ही निर्दोष निघाले, तर गावातलीच घ्यावी. तो ११ लाख ५० हजारांवर अडून बसला, तर पुण्याची घ्यावी. हैदराबादचा विचार कराचा आकडा हाती आल्यावरच करावा. तो मिळवूनही लाखाच्या वर फरक राहत असेल, तर जाण्यात काही चूक नाही. जाताना तेलुगू बोलणारा एखादा शेजारी सोबत न्यावा, आपल्या शहरात तो शोधावा लागणार नाही. जावयांनी पसंत केली आहे म्हणून भिडेपोटी व्यवहार पुढे नेऊ नये. आधी त्यांच्याकडून प्रमाणपत्राच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे मागवावीत, त्यात त्यांनाही वावगे वाटणार नाही.

पैसे बँकेतूनच द्यावेत. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे आयकर कायद्याला मान्य नाही.

प्रश्न : कर्नाटकातील एका गाडीबद्दल दलाल सांगतो की, ‘ना हरकत दाखला घ्या आणि वर्षभर तिकडच्याच क्रमांकावर चालवा, नंतर बघू.’ हे चालते का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : दलाल अर्धे सांगतो आहे. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे राहिली तर नवा क्रमांक घ्यावा, असे कलम ४७ सांगते, हे खरे आहे. परंतु मालकी बदलाची मुदत निराळी आहे. कलम ५० नुसार घेणाऱ्याने तीस दिवसांत गाडी नावावर करण्यासाठी कळवायचे असते आणि विम्याच्या हस्तांतरणासाठी तर चौदाच दिवस आहेत. वर्षभर थांबलात, तर गाडी तुमच्या दारात, मालकी दुसऱ्याची आणि विमा तिसऱ्याच अवस्थेत, अशी गत होईल. ना हरकत दाखला आणि मालकी बदल यांसाठीच्या २८, २९ आणि ३० क्रमांकाच्या नमुन्यांवर विक्रेत्याच्या सह्या आपल्यासमोर घ्याव्यात आणि चॅसिसचा पेन्सिलने काढलेला ठसा प्रमाणपत्रावरील क्रमांकाशी स्वतः अक्षर-अक्षर ताडून पाहावा. त्याच भेटीत जुना फास्टॅग बंद करून घ्यावा.

प्रश्न : दिल्लीत २०१४ ची डिझेल कॅम्पर निम्म्या भावात मिळते आहे. विक्रेता २५ हजार रुपये आगाऊ पाठवायला सांगतो. पाठवावेत का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : पाठवू नयेत. दिल्ली परिसरात डिझेल गाड्या स्वस्त होण्यामागे खरे कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांमुळे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांचे भाव तिथे कोसळले. परंतु याच कारणाचा आधार घेऊन फसवणारेही पुष्कळ आहेत. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, गाडी लगेच काढायची आहे’ असे सांगून ओळखपत्राचे छायाचित्र पाठवणारा माणूस भेटला, तर तिथेच बोलणे थांबवावे. विक्रेता खरा असला, तरी खासगी नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे या गाडीची मुदत २०२९ मध्ये संपते आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. दीड हजार किलोमीटरच्या आसपासचा रस्ता जुन्या टायरांवर आणि अनोळखी इंजिनावर कापायचा, ही जोखीम वेगळीच. इतके असूनही मन तिच्यावरच असेल, तर विक्रेत्याला गाडीत बसून व्हिडिओ कॉल करायला सांगावे आणि आपण त्या क्षणी सांगाल तो नळ, तो दिवा आणि चॅसिसचा क्रमांक त्याने कॅमेऱ्यासमोर दाखवावा, एवढीच मागणी करावी. तेवढ्यालाही तो काचकूच करू लागला, तर उत्तर मिळाले असे समजावे.