संविधान सभेतले वाद आधी वाच

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे टिपण मिळाले. भारताची शासनव्यवस्था कोणत्या नेत्यांनी घडवली, याची तू यादी केली आहेस आणि प्रत्येक नावापुढे एकेक तत्त्व लिहिले आहेस: नेहरूंपुढे संसदीय लोकशाही, पटेलांपुढे एकात्मता, डॉ. आंबेडकरांपुढे सामाजिक न्याय. परीक्षेच्या उत्तरात हे खपून जाईल. मात्र तुला पुढे प्रशासनात काम करायचे आहे, म्हणून अधिक खोलात जाण्याचा आग्रह धरतो. सत्ता हाती येत असताना या माणसांनी त्याच सत्तेला कोणती बंधने घातली, आणि ती घालताना ती कोणाशी आणि कशासाठी भांडली, हे तू पाहावेस असे मला वाटते.

सुरुवात भावी संविधानाची ध्येये सांगणाऱ्या उद्दिष्टांच्या ठरावापासून कर. नेहरूंनी तो १३ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत मांडला. सभागृहात काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते आणि ठराव त्याच दिवशी मंजूर करून घेणे अवघड नव्हते. तरीही मुंबईचे बॅ. मुकुंदराव जयकर यांनी, मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत थांबावे, अशी दुरुस्ती सुचवली आणि १७ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांनी तिच्या मागची भूमिका उचलून धरली. ठराव पुढे ढकलला गेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर झाला. लीग आली नाही, ही गोष्ट वेगळी. पण बहुमत हाती असलेल्यांनी थांबून ऐकून घेतले, याला मी फार महत्त्व देतो. फाळणीनंतर आंबेडकरांचे बंगालमधून मिळालेले सदस्यत्व गेले, तेव्हा राजेंद्रप्रसादांनी मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून त्यांना निवडून आणण्यास सांगितले, आणि जयकरांच्या रिक्त जागेवर ते पुन्हा सभेत आले. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे तीव्र मतभेद होते, त्यांच्याच हाती काही आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे काम आले.

संसदीय पद्धत की अध्यक्षीय, हा प्रश्न तू एका ओळीत संपवला आहेस. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना आंबेडकरांनी त्याचे उत्तर दिले आहे: स्थैर्य आणि उत्तरदायित्व या दोन्ही गोष्टी एकाच पद्धतीत पूर्ण प्रमाणात मिळत नाहीत, आणि मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकते माप दिले आहे. अमेरिकेत सरकारचा हिशेब ठरावीक मुदतीने होतो. आपल्याकडे प्रश्न, ठराव आणि अविश्वास प्रस्ताव यांतून तो रोज होऊ शकतो. सभेचे सदस्य प्रा. के. टी. शहा यांना अध्यक्षीय पद्धत हवी होती. त्यांच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या, तरी तू त्या वाच, कारण विरोधी बाजू भक्कम असल्याशिवाय निर्णयाचे खरे वजन कळत नाही.

राज्यपालपदाचा प्रवास तर मुळातून अभ्यासण्यासारखा आहे. जुलै १९४७ मध्ये सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील समितीने, राज्यपाल प्रौढ मताधिकाराने थेट लोकांनी निवडावा, अशी शिफारस केली आणि सभेने ती स्वीकारलीही. मग अडचण लक्षात येऊ लागली. सगळ्या प्रांताची मते मिळवून आलेला राज्यपाल आणि विधानसभेला जबाबदार असलेला मुख्यमंत्री यांच्यात वाद झाला, तर लोकांचा खरा प्रतिनिधी कोण? राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचे असेल, तर त्याच्यासाठी प्रांतभर निवडणूक घेण्याचे कारण काय? ताज्या फाळणीच्या पार्श्वभूमीवर, निवडून आलेला राज्यपाल प्रांतिक फुटीरतेला बळ देईल, ही नेहरूंची भीतीही त्यात मिसळली. मे १९४९ च्या अखेरीस सभेने आपलाच निर्णय फिरवला आणि राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल आला. माझे स्पष्ट मत असे, की दुहेरी सत्ताकेंद्र टाळण्याचा युक्तिवाद योग्य होता. पण केंद्राने नेमलेला माणूस केंद्राच्या सोयीने वागेल, ही काही सदस्यांची शंका सभेने पुरेशी मनावर घेतली नाही. राज्यपालाच्या अहवालावरून राज्याचा कारभार केंद्राच्या हाती देणारी राष्ट्रपती राजवटीची तरतूद कागदावरच राहील, अशी आशा आंबेडकरांनी ऑगस्ट १९४९ मध्ये व्यक्त केली होती. पुढे ती शंभराहून अधिक वेळा वापरली गेली आणि तिला खरा लगाम बसला तो १९९४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या बोम्मई खटल्यातील निकालाने.

निवडणूक आयोगाची कथा मला याहूनही मोलाची वाटते. मूळ मसुद्यात प्रांतांच्या निवडणुकांसाठी स्वतंत्र आयोग होते. १५ जून १९४९ रोजी आंबेडकरांनी ते बदलून सगळ्या देशासाठी एकच आयोग सुचवला आणि कारणही सांगितले: काही प्रांतांत भाषेने वा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांना मतदारयादीतून वगळले जात असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. प्रौढ मताधिकाराचे तत्त्व सर्वांनी मान्य केले होते; ते यादी तयार करणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर मोडत होते, आणि तिथेच त्याला संरक्षण द्यावे लागले. हृदयनाथ कुंझरू आणि शिब्बनलाल सक्सेना या सदस्यांनी त्यावर नेमका आक्षेप घेतला, की मुख्य निवडणूक आयुक्त राष्ट्रपतींनी, म्हणजे वस्तुतः सरकारने नेमायचा असेल तर तो पक्षपाती निघणार नाही कशावरून? संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या दोनतृतीयांश बहुमताची मोहर त्या नेमणुकीवर असावी, असे सक्सेनांचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी आंबेडकरांनी या आक्षेपात तथ्य असल्याचे मोकळेपणाने मान्य केले आणि नेमणूक संसदेच्या कायद्याच्या अधीन राहील, एवढी वाट उघडी ठेवली. तो कायदा सत्तर वर्षांहून अधिक काळ झाला नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांची समिती तात्पुरती ठरवून दिली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये संसदेने केलेल्या कायद्यात सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी सुचवलेला केंद्रीय मंत्री आला. कुंझरूंचा प्रश्न म्हणूनच मला आजही खुला वाटतो.

तुझ्या भावी कामाशी थेट जोडलेले भाषण पटेलांचे आहे, १० ऑक्टोबर १९४९ चे. सनदी अधिकाऱ्यांना घटनात्मक संरक्षण देण्यास अनेक सदस्यांचा विरोध होता, आणि तो अकारण नव्हता, कारण याच अधिकाऱ्यांनी कालपर्यंत त्यांना तुरुंगात टाकले होते. पटेल स्वतः त्या तुरुंगांत राहिलेले. तरीही, मंत्र्याच्या मताविरुद्ध टिपण लिहिण्याची मोकळीक अधिकाऱ्याला नसेल तर देश एकसंध राहणार नाही, असे त्यांनी सभेला ठणकावून सांगितले आणि आपला सचिव तसे टिपण लिहू शकतो, हेही सांगितले. एकात्मता हा शब्द तू पटेलांपुढे लिहिला आहेस, त्याच्यासाठी लागणारी यंत्रणा त्यांच्या मनात अशी होती.

संविधान अमलात आल्यावरही ही घडण थांबली नाही. १९५१ मध्ये हिंदूंच्या विवाह-वारसा कायद्यांत बदल करणाऱ्या हिंदू कोड बिलाच्या वेळी राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रपती म्हणून स्वतःच्या विवेकाने निर्णय घेण्याचा हक्क सांगितला. नेहरूंनी ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड आणि मसुदा समितीतले कायदेपंडित अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत मागवले. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत, असे दोघांनीही कळवले. राजेंद्रप्रसादांना मनातून ते पटले नव्हते, हे त्यांच्या १९६० च्या भाषणावरून दिसते. पण त्यांनी अधिकारांची लढाई केली नाही. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने हे बंधन संविधानाच्या शब्दांत आले आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा मिळाली.

तेव्हा टिपणाची मांडणी बदल. नावांऐवजी पदे घे: राज्यपाल, निवडणूक आयुक्त, सनदी अधिकारी, राष्ट्रपती. प्रत्येक पदाखाली कोणता पर्याय नाकारला गेला आणि कोणी कोणत्या कारणाने नाकारला, ते लिही. संविधान सभेच्या चर्चांचे खंड दिनांकवार लावलेले आहेत. १५ आणि १६ जून १९४९ चे कामकाज सर्वांत आधी वाच, कुंझरूंचे भाषण सलग वाच, आणि त्यावर तुझे मत मला सविस्तर कळव. न्यायाधीशांच्या नेमणुकीविषयी तू जे विचारले आहेस, त्याचे उत्तर त्यानंतर देणे सोपे जाईल.

कळावे.

तुझा शुभचिंतक