खाटांचा हिशेब मांडण्यापूर्वी

राजेंद्र नगर, इंदूर

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा तक्ता, दोन्ही मिळाले. २०३६ पर्यंत रुग्णालयाला किती खाटा लागतील याचा अंदाज काढण्याचे काम तुझ्याकडे आले, याचा मला फार आनंद झाला, आणि म्हणूनच माझी हरकत आडपडदा न ठेवता लिहितो. प्रत्येक वयोगटातील हजारी किती माणसे आज दाखल होतात तो दर तू घेतलास आणि पुढील लोकसंख्येच्या अंदाजाने गुणलास. गुणाकार अचूक आहे. परंतु आजचा दर उद्याही तोच राहील, हे गृहीत धरता येत नाही.

हीच चूक मी स्वतः केली आहे. मी नोंदणी विभाग सांभाळत होतो त्या रुग्णालयात त्या काळी मोतीबिंदूचा रुग्ण डोळ्यावर पट्टी बांधून आठवडाभर पडून असे. वृद्ध वाढणार, म्हणजे मोतीबिंदू वाढणार, म्हणजे नेत्रविभागाच्या खाटा वाढवाव्या लागणार, असा अहवाल मी दिला आणि तो मान्यही झाला. शस्त्रक्रिया खरोखरच वाढल्या; पण छेद लहान झाला, भिंग आत बसवले जाऊ लागले आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ लागला. नवा वॉर्ड निम्मा रिकामा राहिला आणि पलीकडच्या मेडिसिन वॉर्डात दम्याचे व हृदयविकाराचे म्हातारे रुग्ण जमिनीवर गाद्या टाकून झोपत राहिले. ते दृश्य आजही मला अस्वस्थ करते.

वृद्धांची संख्या वाढणार यात शंका नाही. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाच्या अंदाजानुसार देशात साठीपुढची माणसे २०११ मध्ये सुमारे १० कोटी होती, ती २०३६ मध्ये सुमारे २३ कोटी होतील. तथापि वय आणि खाट यांचे नाते सरळ नसते. स्वित्झर्लंडमधील आरोग्यविम्याच्या नोंदी तपासून पीटर झ्वाइफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये असे दाखवले की उपचारांचा खर्च माणसाच्या वयापेक्षा मृत्यू किती जवळ आला आहे यावर अधिक अवलंबून असतो. आयुर्मान वाढले की अखेरच्या आजारपणाचा तो काळ पुढे सरकतो. म्हणून आजच्या सत्तरीचा दर उद्याच्या सत्तरीला जसाच्या तसा लावला, तर गरज फुगून दिसण्याचा संभव असतो.

आपल्याकडे मात्र याच्या उलट दिशेने ओढणारे एक कारण आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. आज जी वृद्ध माणसे रुग्णालयात आलीच नाहीत, ती तुझ्या दरात नाहीत. विशेषतः विधवा स्त्रिया पैशासाठी आणि सोबतीसाठी मुलाच्या तोंडाकडे पाहत दुखणे अंगावर काढतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले आहे. त्यामुळे इतके दिवस घरात दडलेली गरज आता दारात येईल. शिवाय ही योजना दाखल रुग्णाचा खर्च उचलते, रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा नाही. तेव्हा जे बाह्यरुग्ण विभागात भागले असते ते खाटेपर्यंत पोहोचण्याची शक्यता राहतेच.

दुसरे असे की ज्या लोकसंख्येने भागून तू दर काढतोस, ती केवळ इंदूरच्या जनगणनेची असून चालणार नाही. शिकण्यासाठी आणि नोकरीसाठी येणाऱ्या तरुणांमुळे शहर वयाने लहान दिसते, पण रुग्ण धार, खरगोन, खंडवा, झाबुआ येथूनही येतात. ते जिल्हे धरून पुन्हा मांडणी कर. प्रसूतीच्या खाटांचा अंदाजही खाली येईल, कारण देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २.० वर आला आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. लोकमान्य नगरातल्या एक आजी खुब्याचे हाड मोडून आमच्याकडे दाखल झाल्या होत्या. आठव्या दिवशी त्या वॉकर धरून चार पावले चालल्या आणि डॉक्टरांनी घरी जाण्यास परवानगी दिली. घर दुसऱ्या मजल्यावर, मुलगा बेंगळुरूला, शेजारीण स्वतःच पंचाहत्तरीची. डिस्चार्ज कार्ड उशाखाली ठेवून, गाठोडे बांधून आणि स्टीलचा डबा मांडीवर घेऊन त्या रोज सकाळी खाटेच्या कडेला बसत. त्यांना न्यायला माणूस आला तो एकोणिसाव्या दिवशी. नोंदवहीत ते एकोणीसही दिवस अस्थिभंगाच्या खात्यावर जमा झाले.

यातले अकरा दिवस आजाराचे नव्हते. ज्या घरांतली मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी आहेत, त्या घरांतून असे दिवस वाढत जाणार, आणि ते तुझ्या गुणाकारात कोठेच दिसत नाहीत. तिथे नवी खाट हा उपाय नाही; घरी येणारी परिचारिका, व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट आणि काही आठवड्यांचे निवारागृह हा उपाय आहे, आणि तो तुझ्या अहवालात खाटांच्या आकड्याशेजारीच मांडला गेला पाहिजे.

तेव्हा सत्तरीपुढील दोनशे रुग्णांचे केसपेपर, नावे झाकून, काढून घे. प्रत्येकावर तीन गोष्टी टिपायच्या: जाण्याची परवानगी कधी मिळाली, प्रत्यक्ष कधी गेले आणि कोणी नेले. तिसरी गोष्ट छापील रकान्यात सापडणार नाही. ती परिचारिकांच्या रात्रपाळीच्या नोंदींत असते, आणि ते अक्षर लावायला सवय लागते. पहिले पन्नास आपण दोघे मिळून वाचू. रविवारी सकाळी नऊ वाजता मी रुग्णालयात येतो.

तुझा,
काका