लंडन–न्यूयॉर्क अंतर एकच, मग जाताना आठ तास आणि येताना सातच का लागतात?

कारण वारा. लंडनचा हीथ्रो विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे अंतर दोन्ही बाजूंनी सुमारे ५,५०० किमीच आहे, पण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, म्हणजे जेट स्ट्रीम, लंडनला परतताना विमानाला पाठीमागून ढकलतो आणि न्यूयॉर्कला जाताना समोरून अडवतो. परतीच्या प्रवासात सीटसमोरच्या स्क्रीनवर नजर ठेवा. एरवी ताशी ९००च्या आसपास असणारा वेग हजाराच्या वर गेलेला दिसेल. विमान हवेतून नेहमीच्याच वेगाने जात असतं, हवाच त्याला पुढे घेऊन जात असते! हिवाळ्यात हा वारा आणखी जोर धरतो.

कुठल्याही दोन विमानतळांमधला वेळ ढोबळ काढायचा तर किलोमीटरला ८५० ने भागा आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवा. तिकिटावरचा वेळ मात्र याहून जास्त असतो, कारण त्यात गेट सोडल्यापासून पुन्हा गेटला लागेपर्यंतचा, म्हणजे धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याचाही वेळ धरलेला असतो.

अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वात जवळचा मार्ग सपाट कागदावर वाकडा दिसतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा, लगेच पटेल.

आणि हो, तिकिटावरच्या दोन वेळांची थेट वजाबाकी करू नका. दोन्ही स्थानिक वेळा असतात, आणि न्यूयॉर्क लंडनच्या साधारण पाच तास मागे आहे.