नवीन रंग दिला आणि चार्जिंग बंद झालं

प्रश्न: माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातला जीएमसी सीसीकेडब्ल्यू ट्रक आहे, ६ व्होल्टचा. बॉडी, बॉनेटच्या आतली बाजू सगळं रंगवून घेतलं, बॅटरी नवीन टाकली, पण आता रेस दिली तरी अँमीटरचा काटा मायनसमध्येच, म्हणजे बॅटरी चार्ज होतच नाही. डायनामो रिवाइंड करू की सरळ अल्टरनेटर बसवू?

उत्तर: दोन्ही नको, आधी रंग बघा! डायनामोच्या फील्डचा (त्यातल्या चुंबकाच्या वाइंडिंगचा) करंट रेग्युलेटरमधून, म्हणजे व्होल्टेज आवरणाऱ्या डब्यातून, जाऊन त्याच्या पत्र्यातून अर्थ होतो, म्हणजे चेसिसला मिळतो. त्यातल्या कटआऊटच्या (डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइललाही तीच अर्थ लागते, आणि तुमचा रेग्युलेटर आता नव्या रंगावर बसलाय, म्हणजे अर्थ तुटली, बिचारा डायनामो चार्ज करणार कसा? एक जाड वायर घ्या, एक टोक रेग्युलेटरच्या बेसला, दुसरं डायनामोच्या बॉडीला, मग रेस द्या. काटा प्लसमध्ये गेला की दोष सापडला, बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करा. बॅटरीची अर्थ पट्टी जिथे चेसिसला लागते तिथलाही रंग काढा, ६ व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट जरी वाटेत गेला तरी फार होतो.

तरीही हलला नाही तर रेग्युलेटरच्या एफ (फील्ड) टर्मिनलची वायर काढून चेसिसला टेकवा आणि डायनामोच्या आउटपुटवर मीटर लावून हळूच रेस वाढवा, फक्त काही सेकंद हां, कारण आता व्होल्टेजला आवर घालणारं कोणी नाहीये. ७ व्होल्टच्या वर गेलं तर डायनामो ठणठणीत, गडबड रेग्युलेटरमध्ये किंवा वायरिंगमध्ये. नाही गेलं तर कार्बन (ब्रश) उघडून बघा, ते होल्डरमध्ये अडकलेत का, कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) काळा पडलाय का. घासायला बारीक काचपेपर वापरा, एमरी पेपर नको, त्याची पूड करंट वाहून नेते आणि पट्ट्या शॉर्ट होतात.

बॅटरी किंवा वायरी काढून परत जोडल्या असतील तर इंजिन चालू करायच्या आधी रेग्युलेटरवरचं बॅट (बॅटरी) आणि जेन (जनरेटर, म्हणजे डायनामो) टर्मिनल वायरीने क्षणभर टेकवा, ठिणगी उडेल, घाबरू नका. एवढ्याने डायनामोची पोलॅरिटी बॅटरीशी जुळते, उलटी राहिली तर कटआऊटचे पॉइंट फडफडून जळतात.

आणि आयडलला हेडलाइट लावून काटा मायनसमध्ये दिसला तर तो दोष नाही, डायनामो तेवढ्या कमी आरपीएमला भार पेलतच नाही. अल्टरनेटर बसवू नका प्लीज, इतका जुना ट्रक मूळ रूपात ठेवलाय तर डायनामोही राहू द्या.